पुण्याला निघालेली बुरशी

ज्या नोकरीत हाताला काही लागलं नाही, तिच्याच गोष्टी माणसाजवळ जास्त साठतात, असा माझा अनुभव आहे. पुढे मी औषधांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली. पगार चांगला, कॅन्टीन चांगलं, आणि सांगण्यासारखा किस्सा एकही नाही! त्याआधी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत जेमतेम तीन वर्षं होतो, तर तिथल्या गोष्टी संपता संपत नाहीत. घरात मी नुसतं ‘आमचे पळसुले सर’ म्हटलं की सून चहा टाकायला उठते. आता अर्धा तास गेला, हे तिला ठाऊक असतं.

त्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. पळसुले सर म्हणजे साहेब. मी, नुकताच बी.एस्सी. झालेला दिघे. आणि खंडूमामा, जे कागदावर शिपाई होते आणि प्रत्यक्षात सगळंच होते. काम काय, तर गावोगावची माती आणायची, तिच्यातली बुरशी वेगळी काढायची, साखर निघाल्यावर उरणाऱ्या काळ्या मळीवर ती वाढवायची आणि तिच्या पोटातून तेल काढायचं. खायचं तेल! ऐकणारा आधी हसायचा, मग आमच्याकडे जरा काळजीने बघायचा. कारखान्यात आम्हाला ‘बुरशीखातं’ म्हणत. बहात्तरचा दुष्काळ तोंडावर होता, पण तेव्हा ते आम्हाला माहीत नव्हतं.

*

माती आणायला सर एस.टी.ने हिंडत. शर्टाच्या खिशात एक चमचा आणि कागदाच्या पुड्या. सापडलेल्या बुरशीला ते गावाचं नाव देत. श्रीगोंदा-तीन, काष्टी-सात, पारनेर-नऊ, अशी आमच्या कपाटात जिल्ह्याची सगळी एस.टी. स्टँडं उभी होती.

एकदा काष्टीला बाजाराच्या दिवशी आम्ही उतरलो. गर्दी चुकवून सर एका बांधाशी गेले, उकिडवे बसले आणि चमच्याने माती उकरायला लागले. शेताचा मालक बैल घेऊन बाजाराला निघाला होता. तो थांबला.

“काय घावलं का?”

“अजून नाही. घरी नेऊन बघावं लागेल.”

“सोनं हाय का?”

“नाही हो. बुरशी.”

मालकाने बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच विचार केला. त्याला आम्ही सरकारी मोजणीवाले वाटलो असणार. मग म्हणाला, “न्या की. चमचाभर न्या, न्हाईतर पाटीभर न्या. पन सात-बारा तेवढा माज्याच नावावर ऱ्हाऊ द्या.”

सरांनी पुडीवर त्याचं पूर्ण नाव लिहून घेतलं आणि त्याला दाखवलं. प्रत्येक पुडीवर ते मालकाचं नाव लिहीत. मी विचारलं तर म्हणाले, “माती कुणाची आहे ते नको का कळायला?”

*

सरांना साधं तेल नको होतं, पातळ तेल हवं होतं. त्याला पुस्तकात बहु-असंतृप्त मेदाम्लं असं भारदस्त नाव आहे. ते मलाच नीट समजलं नव्हतं, पण सरांनी खंडूमामांना समोर बसवून समजावलं.

“मामा, थंडीत खोबरेल गोठतं ना?”

“गोठतं की.”

“आणि करडईचं?”

“त्ये न्हाई गोठत.”

“बस्स. त्या करडईच्या तेलात जे आहे, ते आपल्याला मातीतल्या बुरशीतून काढायचंय. काळजाला चांगलं असतं. आपल्या अंगात ते तयार होत नाही, बाहेरून खावंच लागतं.”

खंडूमामांनी मान डोलावली. नंतर चंबू धुता धुता मध्येच थांबून म्हणाले, “सायेब, मंग करडईच पेरा की.”

सर हसतील असं मला वाटलं होतं. ते खिडकीपाशी गेले, बाहेर बघितलं आणि म्हणाले, “पाऊस पडला तर पेरू.”

*

आमच्याकडे ऑटोक्लेव्ह होता. म्हणजे वाफेच्या दाबाचा मोठा कुकर. खंडूमामा त्याला कुकरच म्हणत. चंबू, नळ्या, कापसाची बुचं, सगळं त्यात उकडून निर्जंतुक करायचं.

मी नवीन असताना एक घाण केली. खराब झालेला चंबू न उकडता खोलीमागे ओतला. आठ दिवसांत भाकरीवर येते तसली हिरवी बुरशी खिडकीतून आत आली आणि दीड महिन्याचे सगळे चंबू हिरवेगार! सरांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त दारावर पाटी लावली, “या खोलीतून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू आधी कुकरमध्ये जाईल.” खंडूमामांना वाचता येत नव्हतं, म्हणून सरांनी ती त्यांना तीनदा म्हणून दाखवली. “प्रत्येक म्हणजे प्रत्येक, मामा.”

थंडीत एकदा सर आपला लोकरीचा स्वेटर खुर्चीवर विसरून घरी गेले. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, तो आणायला माणूस पाठवला. खंडूमामांनी त्या माणसाला बाहेरच्या बाकावर बसवलं, स्वेटर कुकरमध्ये घातला, पंधरा पौंड दाबावर वीस मिनिटं उकडला, वाळवला आणि घडी घालून दिला. शेजाऱ्यांच्या चार वर्षांच्या मुलीला तो अगदी मापात बसला!

दुसऱ्या दिवशी खंडूमामा मान खाली घालून उभे. सर म्हणाले, “वर का बघत नाही? सगळ्या कारखान्यात नियम पाळणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्याकडे आहे.” त्या दिवशी मामांची मान जी वर झाली, ती बरेच दिवस वरच होती. आम्ही किती हसलो होतो तेव्हा! आता तो स्वेटर आठवला की हसू येत नाही.

*

कोणतं तेल खरंच पातळ, हे ठरवायला मोठं यंत्र लागतं. ते मुंबईला होतं. आम्ही नगरहून बर्फ आणला. भुशात गुंडाळलेली लादी, पोत्यात घालून, एस.टी.च्या टपावर. कारखान्यापर्यंत निम्मी उरली. ती फोडून त्यात मीठ घातलं आणि बारक्या कुप्या खोचल्या. एकेका कुपीत एकेका गावचं तेल, जेमतेम दोन थेंब.

दर पाच मिनिटांनी सर एक कुपी उचलून आडवी करत. श्रीगोंदा गोठलं. काष्टी गोठलं. राहुरी तर बघता बघता पांढरं झालं. शेवटी एकच कुपी राहिली. सरांनी ती आडवी केली आणि तेल सरसरत या टोकाचं त्या टोकाला गेलं. पुन्हा आडवी केली, पुन्हा गेलं. पारनेर-नऊ.

पुडी शोधली. नाव होतं खंडू. आमचेच खंडूमामा! त्यांनी कधीतरी गावाहून येताना विहिरीजवळची मूठभर माती आणली होती.

खंडूमामा कुपीकडे बघत राहिले. म्हणाले, “त्या रानात बाजरी कदी धड आली न्हाई सायेब. बा गेला माजा तिथं राबून. अन् त्यातनं त्याल निगतंय व्हय?” एवढं बोलून ते बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. सरांनी मला त्यांच्यामागे जाऊ दिलं नाही.

*

वहिनींची भाषा तिखट होती. घरात डब्यात तेल नसायचं, रेशनला रांग, आणि नवरा तेलाचं संशोधन करतोय, हे त्यांना रोज फोडणीच्या वेळी आठवे. एकदा मी घरी गेलो असताना त्यांनी विचारलं, “अहो, सहा वर्षं झाली. एकंदर किती तेल निघालं?”

सरांनी प्रामाणिकपणे हिशेब केला. “पारनेर-नऊचं म्हणशील तर, एक चमचा होईल.”

“मग एक भजं तरी घाला खायला!”

सर म्हणाले, “थांब, पुढच्या वर्षी थाळीभर घालतो.” वहिनी हसल्या आणि आत गेल्या. सर तेव्हाच जेवताना पोटावर हात दाबून धरायचे. मला ते दिसत होतं. अजीर्ण असेल असं मी धरून चाललो, कारण तसं धरणं सोपं होतं.

*

मग पाऊस गेला. ऊस नाही, म्हणून मळी नाही, म्हणून आम्हीही नाही, असा सरळ मामला होता. पण त्याआधी पाणी गेलं. टँकर यायचा, त्यातल्या दोन बादल्या आमच्या खोलीला. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बायका बघायच्या, आणि आम्ही आत चंबू धुवायचो. शरमेने मेल्यासारखं व्हायचं.

एका बाईचं पोर तापाने फणफणलं होतं. ती रांग सोडून थेट दारात आली. “बाटल्या धुवाया पानी हाय, अन् लेकराला न्हाई?” सरांनी काचेचा मोठा बुधला उचलून तिच्या घागरीत उपडा केला. डिस्टिल्ड वॉटर! दोन दिवस थेंब थेंब गाळून जमवलेलं. तिने ओंजळभर तोंडात घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“याला काय चवच न्हाई वो सायेब.”

“नाही ना?” सर म्हणाले. “खूप मेहनत लागते बाई त्याला.”

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही बादल्या रांगेला गेल्या. आमचं काम तिथेच निम्मं बंद पडलं.

*

फ्रीज गेस्ट हाऊसला गेला. मळीची पाइपलाइन बंद झाली. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा, असं पत्र आलं. आणि त्याच आठवड्यात सरांना नगरच्या दवाखान्यात ठेवलं. पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, आणि वहिनींनी मला.

पण एक गोष्ट राहिली होती. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने लिहिलं होतं, तुमची पारनेर-नऊ आम्हाला द्या, आम्ही सांभाळतो, पुढचं काम करू. सहा वर्षांच्या कामातून उरलं होतं ते एवढंच. सहा नळ्यांमध्ये वाढवलेली जिवंत बुरशी. सर पलंगावरून म्हणाले, “दिघे, सगळ्या ने. एकही मागे ठेवू नको, या उन्हात इथे एकही जगायची नाही. ती तिकडे लागली, की मग माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

मी परत आलो. सहाही नळ्या कापसात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. खंडूमामांना म्हणालो, “मामा, उद्या सकाळी हा डबा घेऊन मी पुण्याला जाणार. तयार ठेवा.” आणि रजेच्या अर्जावर सही घ्यायला ऑफिसात गेलो.

तिथे दोन तास मोडले. चार वाजता परतलो तर डबा टेबलावर होता. सुतळीने नीट बांधलेला, वर गाठ, उचलायला फास. मी तो हातात घेतला.

डबा गरम होता.

खंडूमामा शेजारी उभे होते. मान वर होती. म्हणाले, “पंधरा पौंड, वीस मिनटं. घड्याळ लावून हुबा हुतो. एक मिनिट कमी न्हाई केलं.”

त्या खोलीतून आजवर बाहेर गेलेली बुरशी ही वाळवलेली, मेलेलीच बुरशी होती. जिवंत बाहेर पाठवायची ही पहिलीच वेळ. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. एक वाक्य. “मामा, ही उकडायची नाही.” सव्वीस वर्षं औषधांच्या कारखान्यात मी रोज कुणाला ना कुणाला सूचना देत होतो, आणि प्रत्येक सूचनेनंतर ते न बोललेलं वाक्य मला ऐकू यायचं.

मी डबा परत टेबलावर ठेवला. माझं तोंड बघून त्यांनीच विचारलं, “धाकलं सायेब, चुकलं का काय माजं?”

मी म्हणालो, “नाही मामा. माझं.”

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते तिथेच फरशीवर बसले.

*

तरी मी डबा पुण्याला नेला. माणूस काय, आशेवर कुठेही जातो! तिथल्या बाईंनी सहाही नळ्या लावून बघितल्या, आठ दिवस थांबल्या आणि पत्र पाठवलं. काही उगवलं नाही.

तोवर खंडूमामा गावी जाऊन आले होते. त्यांच्या विहिरीजवळची माती दुष्काळी कामावर पाझर तलावाच्या बांधाला गेली होती. बांधावर खडी फोडणाऱ्या बायका, मातीच्या पाट्या वाहणारी माणसं, आणि त्यांच्यात हे खाली वाकून आपली माती कोणती ते शोधत होते! मुकादमाने हटकलं. मामा म्हणाले, “माजी माती हाय, मला चमचाभर परत पायजे.” मुकादम चांगला होता. त्याने काम थांबवून त्यांना बांधभर फिरू दिलं.

अकरा पुड्या आणल्या. अकराही लावल्या. हिरवी आली, काळी आली. पारनेर-नऊ आली नाही. महिनाअखेरीला आम्ही खोल्यांना कुलूप लावलं. जाताना खंडूमामांनी कुकर पुसून कोरडा केला.

*

राहता राहिला प्रश्न सरांचा.

मी नगरला दवाखान्यात गेलो. खंडूमामा माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले आणि लिंबाखाली बसले. आत चला म्हटलं तर नुसती मान हलवली. सर अर्धे झाले होते. मी स्टूल ओढायच्या आतच त्यांनी विचारलं, “लागली?”

मी म्हणालो, “लागली सर.”

खोटं बोलायचं ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून गेलं. सरांनी डोळे मिटले आणि वहिनींना म्हणाले, “वही काढ.” त्यांचा हात थरथरत असे, म्हणून लिहायचं काम वहिनींकडे आलं होतं. “वाढ किती?”

मी आकडा सांगितला. वहिनींनी लिहिला.

मग ते रोजचंच झालं. पुण्याहून ट्रंक कॉल येतो अशी मी थाप मारली होती. दवाखान्यात जाण्याआधी एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून मी आकडे करायचो. आज बुरशी किती वाढली, तेल किती निघालं. सरांना आनंद व्हावा म्हणून रोज कालच्यापेक्षा थोडं जास्त. सर ऐकायचे, वहिनी लिहायच्या, मी घाम पुसायचो. त्या दिवसांत सर दोन घास जास्त खातात असं वहिनी म्हणाल्या. मला रडू आलं, पण ते मी बाहेर लिंबाखाली मामांजवळ बसून रडलो. मामांनी विचारलं, “काय सांगितलं आज?” मी आकडा सांगितला. तेही म्हणाले, “चांगलं हाय.”

सातव्या दिवशी मी आकडा सांगितला तेव्हा सरांनी वहिनींना लिहू दिला नाही. वही मागून घेतली, छातीवर उभी धरली आणि पहिल्या पानापासून एकेक ओळ बोटाने वाचत आले. मी स्टुलावर बसून होतो. वहिनी पेन्सिल धरून उभ्या होत्या.

“दिघे,” सर म्हणाले, “एवढ्या दिवसांत वाढ एकदाही अडली नाही?”

“नाही सर.”

“एकदाही तेल कमी आलं नाही?”

मी रुमाल काढून घाम पुसला.

सरांनी वही मिटली. माझ्याकडे बघितलं, मग वहिनींकडे. वहिनींनी मान फिरवली. खिडकीतून फाटक दिसत होतं, लिंब दिसत होता, आणि त्याखाली बसलेले खंडूमामाही. सर तिकडे खूप वेळ बघत राहिले.

मग म्हणाले, “उद्या येताना जरा वाईट आकडा आण.”

दुसऱ्या दिवशी मी निम्मा आकडा नेला. वहिनींनी तो लिहिला. सरांनी वही जवळ घेऊन बघितली आणि त्यांचा चेहरा एकदम कामावर असल्यासारखा झाला. म्हणाले, “हां, आता बरोबर. त्यांना कळव, हवा कमी पडतेय. ढवळणं वाढवा म्हणावं.”